गणपती गेले की ढलप्यांचा वाफा: परसातली धिंगरी

आषाढात रानात अळंबी फुटते, म्हणून परसात लावायची असेल तर तीही तेव्हाच लावावी असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. मृगाची पहिली सर पडली तसा मी विहिरीच्या बाजूला आंब्याच्या ढलप्यांचा वाफा केला, त्यात धिंगरीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, दोन किलो बियाणं (दाण्यांवर वाढवलेले तिचे तंतू) पेरलं आणि वाट बघत बसलो. पुढच्या झडीत तीन आठवडे पाऊस हटला नाही. काठीने वाफा उकरला तर आंबलेल्या पेजेचा वास आला. पांढरे तंतू गेले होते, खाली नुसता काळपट बुळबुळीत लगदा.

लाकडावर वाढणाऱ्या बुरशीला ओल लागते, पण हवाही तेवढीच लागते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. उघड्या वाफ्याला तो सोसत नाही. रानातल्या वारुळावरच्या अळंबीचं उदाहरण इथे चालत नाही. ती वाळवीने जमिनीखाली सांभाळलेल्या बुरशीची असते, तिचं बियाणं मिळत नाही आणि तिचं पंचांग धिंगरीला लागू होत नाही.

म्हणून वाफा घाला अनंत चतुर्दशी ते दसरा या दिवसांत. जमीन ओली असते, विहिरी भरलेल्या असतात, पावसाचा जोर ओसरलेला असतो. ऑक्टोबरचं ऊन तापेल तेव्हा तंतू सावलीत, ढलप्यांच्या आत पसरत असतात. रात्री गार व्हायला लागल्या की कोंब धरतात.

जातीबद्दल फार चोखंदळ होऊ नका. किनारपट्टीला करड्या रंगाची साजोर-काजू धिंगरी बरी, थंडीच्या महिन्यांत पांढरी फ्लोरिडा, आणि उष्णता सोसणारी गुलाबी धिंगरी. परदेशी बागांतून ढलप्यांच्या वाफ्यात लाल टोपीची स्ट्रोफेरिया लावतात, तिचे फोटो पाहून आपल्याकडेही बियाणं मागवणारे आहेत. तिला फुटायला १६ ते २१ अंशांचा गारवा हवा. आपल्या किनाऱ्यावर पौषातल्या काही पहाटा सोडल्या तर तो मिळत नाही. माझ्या मते तो पैसा धिंगरीवर घालावा.

आता लाकूड. आंबा, फणस, पांगारा, सावर यांच्या फांद्या चांगल्या. पांगारा आणि सावर मऊ, त्यात तंतू लवकर शिरतात पण लाकूडही लवकर संपतं. आंबा-फणस सावकाश भरतो आणि जास्त दिवस टिकतो. दोन्ही मिसळून घेतलेलं उत्तम. साग घेऊ नका, सागाच्या लाकडात बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून तर त्याच्या तुळया पिढ्यान् पिढ्या टिकतात. प्लायवुड, रंग दिलेल्या फळ्या, वखारीतला कुठल्याही लाकडाचा मिसळीचा भुसा, हेही नको.

लाकूड ताजं हवं, तोडून तीन-चार आठवड्यांच्या आतलं. वर्षभर गडग्याला टेकून पडलेल्या ओंडक्यात दुसऱ्या बुरशीने आधीच घर केलेलं असतं. हापूसच्या बागेतली छाटणी वापरणार असाल तर बागेत कशाकशाची फवारणी झाली ते आठवा. बुरशीनाशक जाऊन बसतं पानांवर आणि बारीक काड्यांवर. त्या बाजूला टाकून मनगटाएवढ्या फांद्या घ्या. बोर्डो पेस्ट लावलेला भाग तोडून टाका.

ढलप्या कशा करायच्या? श्रेडर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कुऱ्हाड आणि कोयता. दोन ते चार सेंटिमीटरच्या ढलप्या हव्यात, थोडा कीस असला तरी चालेल, पण नुसता भुसा नको. भुसा बसतो, घट्ट होतो आणि हवा कोंडतो. आमच्या शेजारच्या काकी माझा ढीग बघून म्हणाल्या, "ह्या काय रे, होळयेची तयारी आत्तापासून?" शिमग्याला जाळायचा तो माल खायच्या कामी येतोय हे त्यांना डिसेंबरात टोपलीच नेऊन दिली तेव्हा पटलं.

पहिल्या खेपेला वाफा लहान करा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, सहा इंच जाड. त्याला भिजवलेल्या ढलप्या साधारण ३० ते ३५ किलो लागतात आणि बियाणं २ किलो. बियाण्यात काटकसर नको. उघड्यावर इतर बुरशांशी शर्यत असते, जी आधी पसरेल तिचं लाकूड.

जागा निवडताना वरही बघा. नारळाखाली सावली छान, पण एक झाप वाफ्यावर आदळला की काम संपलं, नारळ पडला तर विचारूच नका. पोफळीखाली दुसरी भीती. कोळेरोगासाठी पोफळीवर मारलेलं बोर्डो मिश्रण पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर खाली ठिबकतं, आणि ते बुरशी मारण्यासाठीच असतं. मिरी-पोफळीच्या मुळाशी ट्रायकोडर्मा घातलं असेल तर तिथून वाफा लांब ठेवा. बागायतीला मित्र असलेली ही बुरशी अळंबीची वैरीण आहे. वाफ्यात हिरवा डाग दिसला की बहुतेक वेळा तीच असते. ट्रायकोडर्माची पोती आणि बादल्यासुद्धा या कामाला घेऊ नका.

घराच्या लाकडी खांबांपासून, लाकूडफाट्याच्या ढिगापासून वाफा दूर असू द्या, वाळवीसाठी. बाहेरच्या देशांतले सल्ले तळाशी पुठ्ठा घालायला सांगतात. कोकणात पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण. त्याऐवजी जमीन थोडी उंच करून उताराला लावा आणि तळाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी पसरा. माडाच्या अळ्यात ओल धरायला आपण सोडणं उताणी पुरतो, इथे पाणी निघून जायला हवं म्हणून पालथी.

ढलप्या पिंपात एक दिवस भिजवा, मग रात्रभर निथळू द्या. मूठभर घेऊन आवळल्या तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागता कामा नये. सोबत थोडा भाताचा पेंढा घ्या, बोटभर तुकडे करून ७०-८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, गार करून निथळा. न्हाणीतला हंडा या कामाला उत्तम. पेंढ्यात तंतू पटकन धावतात आणि तिथून लाकडात उतरतात.

सोडणांवर दोन इंच ढलप्या, त्यावर बियाणं आणि पेंढा, पुन्हा ढलप्या, पुन्हा बियाणं, शेवटी एक इंच नुसत्या ढलप्या. वर पातेरा (वाळका पाला) किंवा पेंढा. त्यावर झापांचा छोटा मांडव, एका बाजूला उतार देऊन. परतीचा पाऊस हस्तात कसा कोसळतो ते ठाऊक आहेच.

ओळखीत कोणी पिशव्यांत धिंगरी घेत असेल तर तिसऱ्या काढणीनंतर फेकलेल्या पिशव्या मागून घ्या. पांढराशुभ्र भाग तेवढा फोडून बियाण्यात मिसळा, हिरवा-काळा डाग असलेला गड्डा फेका. यात पैसे वाचतात आणि तंतू आधीच जोमात असतात.

मग थांबायचं. पिशवीतला पेंढा तीन आठवड्यांत भरतो, ढलप्यांना दीड-दोन महिने लागतात, कधी जास्त. रोज उकरून बघण्याचा मोह आवरा. पाणी झारीने, तेही पातेऱ्याखाली हात घालून ढलपी कोरडी लागली तरच. वास हा खरा निरोप. ओल्या रानासारखा आला तर ठीक, आंबट आला तर पातेरा काढून दोन दिवस हवा लागू द्या.

टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की पाण्याची फवार सकाळ-संध्याकाळ, थेट धार नाही. तीन ते पाच दिवसांत छत्री पूर्ण होते. कडा वर वळायच्या आधी पूर्ण झुबका धरून हलका पिरगळून काढा, सुरीने कापून बुडखा ठेवला तर तो कुजतो आणि माश्या येतात. गोगलगायी रात्री हातबत्ती घेऊन वेचाव्या लागतात. कोंबड्या तर तंतूंसाठी नाही, खालच्या किड्यांसाठी अख्खा वाफा उसकतात, जाळी लावाच.

आता खाण्याआधीचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. उघड्या वाफ्यात तुम्ही न पेरलेलीही अळंबी उगवते. धिंगरीचे छत्रीखालचे पडदे देठावर खाली उतरत जातात, देठ बाजूला असतो, त्यावर कडं नसतं, आणि ती झुबक्याने लाकडातून फुटते. शंका असेल तर एक छत्री पडदे खाली करून पांढऱ्या आणि काळ्या कागदाच्या जोडावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंच्या धुळीचा पांढरा किंवा फिका जांभळट ठसा उमटावा, गुलाबी जातीचा गुलाबीसर. पावसाळ्यात गवतात येणारी, कडं असलेली मोठी पांढरी छत्री हिरवट ठसा देते. ती विषारी आहे. ठसा जुळला पण बाकी लक्षणं जुळली नाहीत तरी खाऊ नका. चांदीचं नाणं काळं पडतं का, कांदा निळा होतो का, या परीक्षा खोट्या आहेत, आणि शिजवल्याने प्रत्येक विष मरत नाही.

माडाच्या किंवा पोफळीच्या बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी दिसली तर ती गॅनोडर्मा. माडाचं मूळ-खोड कुजवणारी आणि पोफळीचा अणबे रोग करणारी हीच. त्या झाडाचं लाकूड वाफ्यात आणू नका आणि तो कोयता धुतल्याशिवाय दुसरीकडे वापरू नका.

काढलेली धिंगरी त्याच दिवशी संपवा, फ्रीजमध्ये भोकाच्या पिशवीत तीन-चार दिवस राहते. जास्त निघाली तर फाडून उन्हात वाळवा, किलोची शंभरेक ग्रॅम होते. भरल्या छत्र्यांची धूळ घरात उडू देऊ नका, काहींना खोकला लागतो. या वाफ्यावर धंदा उभा राहील असं मी म्हणणार नाही, बाजारासाठी पिशव्याच बऱ्या. घरच्या सुक्यासाठी मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी एक झुबका येत राहतो.

फाल्गुनापर्यंत ढलप्या हलक्या, तपकिरी, बोटाने चुरडतील अशा होतात. त्या माडाच्या अळ्यात वरून पसरा, मातीत मिसळू नका, नाहीतर अर्धवट कुजलेलं लाकूड जमिनीतला नत्र ओढून घेतं. अजून घट्ट, पांढऱ्या राहिलेल्या ढलप्या टोपलीत बाजूला काढून सावलीत ओलसर ठेवा. जगल्या तर पुढच्या गणपतीनंतर बियाण्यात मिसळायला होतील.