जुना ब्लूटूथ स्पीकर टाकण्याआधी

बिघडलेला स्पीकर सुक्या कचऱ्यात टाकला, की गाडीत दाबला जाऊन आतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

१. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह काढून घ्या. (हमखास विसरतात.)
२. चालू होत असेल तर आपोआप बंद पडेपर्यंत वाजवा. भरलेली बॅटरी जास्त भडकते.
३. ई-कचरा केंद्रावर द्या. नोंदणीकृत रिसायकलरची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. भंगारात नको: चुंबक आणि तांब्यासाठी तो हातोड्याने फोडला जातो, बॅटरीसकट.

स्पीकर फुगला असेल, शिवण उकलली असेल किंवा गोडसर वास येत असेल तर चार्जिंगला लावू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून, झाकण सैल ठेवून, गॅलरीत सावलीत ठेवा आणि देताना ‘बॅटरी फुगलीय’ असं आधीच सांगा.