सिबिलचा आकडा सोडा, आतले रकाने वाचा

कर्जाची फाइल अडली की टेबलापलीकडून एकच वाक्य येतं: ‘तुमचं सिबिल खराब आहे.’ कोणत्या खात्यामुळे आणि कोणत्या महिन्यामुळे, हे सहसा कुणी सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं. कर्ज मागायला जाण्याच्या किमान तीन महिने आधी शोधावं, कारण चूक निघाली तर ती दुरुस्त व्हायला महिना तरी जातो.

सिबिल हे खरं तर लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. २००५ च्या कायद्याखाली देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्यांना चौघींकडे माहिती द्यावी लागते, पण दुरुस्ती कधी एकीकडे पोचते, दुसरीकडे राहून जाते. त्यामुळे चारही रिपोर्ट बघायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक कंपनीनं जानेवारी ते डिसेंबर या काळात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह (फेडीच्या नोंदीवरून काढलेला आकडा) फुकट द्यायचा असतो, म्हणजे वर्षाला चार. ते एकाच दिवशी काढून संपवू नका. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे वाटून घेतले की वर्षभर नजर राहते. नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे खरिपासाठी पीककर्ज काढणाऱ्यानं मात्र दोन रिपोर्ट मार्चच्या आतच काढावेत.

रिपोर्ट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवरचा ओटीपी लागतो. मध्येच पैसे भरायच्या योजनांचं पान येतं. फुकटचा पर्याय त्यात बारीक अक्षरात असतो, तो शोधून पुढे जा. मोबाइल नंबर बदललेला असेल तर बहुतेकांची गाडी इथेच अडते. तो आधी बँकेत बदलून घ्या. ऑनलाइन सेंटरवर बसून काढत असाल तर ईमेल आणि नंबर स्वतःचाच द्या. सेंटरवाल्याचा दिला तर पुढची सगळी सूचनापत्रं त्याच्याकडे जातील. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्यानं स्कोअर उतरत नाही. ही भीती उगाच पसरली आहे.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. कर्जच कधी घेतलं नसेल तर आकड्याऐवजी ‘एनएच’ किंवा उणे एक दिसतं. त्याचा अर्थ इतिहास नाही, वाईट इतिहास नव्हे. आकडा बघून झाला की लगेच खाली उतरा.

पहिला भाग नाव-पत्त्याचा. आपल्याकडे घोळाची सुरुवात इथे होते. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी; वानखेडे आणि वानखडे; लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं. नाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या दुसऱ्या माणसाचं खातं आपल्या रिपोर्टात चिकटतं ते अशानंच. पॅन, जन्मतारीख आणि तिथे दिसणारे सगळे मोबाइल नंबर तपासा. अनोळखी नंबर किंवा कधीच न राहिलेला पत्ता दिसला तर खात्यांची यादी दुप्पट काळजीनं वाचा.

प्रत्येक खात्यात सहा गोष्टी बघायच्या: खातं कोणत्या नात्यानं आहे (एकट्याचं, संयुक्त की जामीनदार म्हणून), उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, शिल्लक रक्कम, थकीत रक्कम आणि माहिती शेवटची कधी पाठवली ती तारीख. जामीनदाराचा रकाना लोक वाचतच नाहीत. बुटीबोरीतल्या सहकाऱ्याच्या कर्जावर पाच वर्षांपूर्वी केलेली सही इथे जिवंत असते आणि त्याचा हप्ता चुकला तर तो तुमच्या रिपोर्टातही दिसतो.

खाली ३६ महिन्यांची चौकट असते. तिथले ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एसटीडी’ ठीक, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ म्हणजे खातं बुडीताच्या वाटेवर. ‘एक्सएक्सएक्स’चा अर्थ त्या महिन्याची माहिती आलीच नाही, त्याला घाबरू नका. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान पंधरवड्याला द्यावी लागते. पूर्वी पाच तारखेचा हप्ता बाउन्स झाला तरी महिनाअखेरच्या आत भरून वेळ निभावून जायची. आता १५ पर्यंत भरला नाही तर दहा दिवसांचा उशीर नोंदीत जाऊ शकतो. पगार सात तारखेला होत असेल तर हप्त्याची तारीख दहा करून मागा.

नेहमी सापडणाऱ्या चुका ठरावीक आहेत. बर्डीच्या बाजारातून हप्त्यानं घेतलेला मोबाइल फिटला, पण खातं उघडंच. क्रेडिट कार्ड वापरणं सोडलं, पण लेखी बंद केलं नाही, आणि वार्षिक शुल्काचे काही शे रुपये वर्षानुवर्षं थकीत. बँका विलीन झाल्यावर एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी दिसणं, उदाहरणार्थ २०१९ मध्ये देना बँक बडोदा बँकेत गेली, किंवा २०२० मध्ये अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. रक्कम आणि उघडल्याची तारीख सारखी असेल तर ती दुहेरी नोंद समजा. कर्जमाफीत बसलेलं पीककर्ज कधी ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं) किंवा ‘सेटल्ड’ (तडजोडीनं मिटवलेलं) म्हणून राहतं; बँकेकडून बेबाकी दाखला (देणं उरलं नाही असा) घेऊन ते तपासून घ्या.

‘सेटल्ड’ शब्दाबद्दल थोडं जास्त. वसुलीवाला सांगतो, ‘ऐंशी हजारांतले पन्नास भरा, विषय संपला.’ विषय संपत नाही. उरलेले तीस हजार सोडून द्यावे लागले, असं पुढची प्रत्येक बँक वाचते. ही नोंद खरी असते, त्यामुळे तक्रार करून ती निघत नाही. उरलेली रक्कम भरून, ‘पूर्ण वसूल’ असा दाखला घेऊन, बँकेकडूनच नोंद बदलून घ्यावी लागते. शक्य असेल तर मुळात तडजोड न करता मुदत वाढवून मागणं बरं.

पतसंस्थेचं कर्ज बहुतेक वेळा इथे दिसत नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. नागरी सहकारी बँकेचं मात्र दिसतं.

शेवटचा भाग चौकशांचा: कोणत्या बँकेनं, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी तुमचा रिपोर्ट काढला. आपण अर्जच केला नाही अशा कंपनीचं नाव इथे असेल तर कुणीतरी तुमच्या पॅनवर कर्ज मागितलं असण्याची शक्यता आहे. त्या कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. पैसे उचलले गेले असतील तर १९३० वर सायबर तक्रारही करा. रिपोर्ट कुणी काढला की एसएमएस किंवा ईमेल येण्याची सोय आहे. तो जाहिरात समजून पुसू नका.

चूक सापडली की ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर, चुकीचा रकाना आणि पुरावा (ना हरकत दाखला, शेवटच्या हप्त्याची पावती, खातेउतारा) जोडा. एका तक्रारीत एकच खातं घ्या. पाच खात्यांची खिचडी केली की एखादं नक्की सुटतं. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. शाखेत तोंडी सांगण्याला काही किंमत नाही, पोच घ्या.

मुदत ३० दिवसांची. त्यातले २१ दिवस बँकेचे. त्यापुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, ज्याच्याकडून उशीर झाला तो देतो. त्यासाठी तक्रारीत बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील द्यायला विसरू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन होते, टपालानं पाठवायची तर ती चंदीगडच्या केंद्राकडे जाते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र हवीच, नाहीतर अर्ज परत येतो.