घरच्या बैठकीसाठी ग्रेझिंग प्लॅटर मांडताना

ग्रेझिंग या शब्दाचा सरळ अर्थ चरणे असा आहे. एरवी घरात कोणी दिवसभर काही ना काही चरत असेल, तर आपण त्याला टोकतो; परंतु वाढदिवस, वास्तुशांतीनंतरची संध्याकाळ किंवा जुन्या मित्रमंडळींची बैठक अशा प्रसंगी पाहुण्यांनी गप्पा मारत दोन तास चरत राहावे, यासाठीच हे प्लॅटर, म्हणजे एका मोठ्या पाटावर किंवा परातीत एकत्र मांडलेले तऱ्हेतऱ्हेचे खाणे, मांडले जाते. त्यामुळे त्यात काय ठेवायचे हे ठरवताना तो पदार्थ दीड तासानंतर कसा असेल, हा प्रश्न आधी विचारावा. माझे पहिले प्लॅटर अर्ध्या तासात बिघडले होते, कारण दिसायला छान म्हणून मी काकडीच्या चकत्या खाकऱ्यांना टेकवून रचल्या होत्या. काकडीला सुटलेल्या पाण्याने खाकरे मऊ पडले आणि तेच पाणी पुढे चीजच्या फोडींखाली जाऊन साचले. तेव्हापासून मी पदार्थांची यादी ओले आणि कोरडे अशा दोन रकान्यांतच करतो.

प्रमाणाचा माझा अंदाज असा आहे. वीस माणसांसाठी, नंतर जेवण नसेल तर, कोथिंबीर वडीचे 60 तुकडे, चीज 500 ग्रॅम, खाकरे, क्रॅकर्स आणि भाजून कुरकुरीत केलेले भाकरीचे तुकडे मिळून 400 ग्रॅम, फळे 2 किलो, कच्च्या भाज्यांचे तुकडे 1 किलो, सुकामेवा 400 ग्रॅम आणि तीन प्रकारच्या चटण्या किंवा डिप प्रत्येकी 200 ग्रॅम पुरतात. जेवण होणार असेल, तर हे सर्व निम्मे करावे. पदार्थांची संख्या वाढवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण दहा-बारा प्रकारांनंतर पाहुणे खाण्याऐवजी चौकशीच करत बसतात.

कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवावेत; गार उंड्याच्या वड्या स्वच्छ कापल्या जातात आणि तळताना फुटत नाहीत. पाहुणे येण्याच्या सुमारे तासभर आधी त्या तळाव्यात आणि कागदावर न पसरता जाळीवर काढाव्यात. कागदावर ठेवलेल्या गरम वडीची वाफ खालच्या बाजूला कोंडते आणि ती बाजू पाच मिनिटांत मऊ होते, तर जाळीवर वाफ दोन्हीकडून निघून जाते. हाताला अजिबात कोमट लागेनाशी झाल्यावरच वडी प्लॅटरवर न्यावी, नाहीतर शेजारच्या चीजला घाम फुटतो.

डिपसाठी चक्क्यासारखा दुसरा सोयीचा पदार्थ नाही. दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर रात्रभर ठेवावे, म्हणजे पाणी निथळते आणि दही आंबतही नाही. सकाळी त्या चक्क्यात हिरव्या मिरचीचा ठेचा आणि थोडे भाजलेल्या जिऱ्याचे कूट मिसळावे, पण मीठ मात्र अगदी वाढण्यापूर्वी घालावे, कारण आधी घातलेल्या मिठाने चक्का पुन्हा पाणी सोडू लागतो. ठेच्यातही मीठ असतेच, म्हणून चव पाहूनच ते वाढवावे.

फळे ऋतूप्रमाणे घ्यावीत. जानेवारी ते मार्चमध्ये नाशिकची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दोनच गोष्टी प्लॅटर भरून टाकतात. द्राक्षांचा घड अखंड ठेवू नये. कात्रीने पाच-सहा मण्यांचे झुपके करावेत, म्हणजे पाहुण्याला एका हाताने घड धरून दुसऱ्या हाताने मणी ओढावा लागत नाही. बैठकीला लहान मुले असतील, तर द्राक्षे उभी चिरावीत, कारण अख्खा मणी मुलांच्या घशात अडकू शकतो. सफरचंद काळे पडू नये म्हणून त्याच्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून फडक्यावर कोरड्या कराव्यात. कलिंगड आणि पपई यांना प्लॅटरवर जागाच देऊ नये, आणि डाळिंबाचे दाणे वाटीतच शोभतात.

भांड्यासाठी मोठा लाकडी पाट किंवा स्टीलची परात उत्तम. आजीची पितळी परात काढण्याची हौस पुष्कळांना असते, पण तिला कल्हई नसेल तर लिंबू, चिंच किंवा दह्याचा पदार्थ तिच्यात कळकतो. अशा वेळी केळीचे पान अंथरावे आणि आंबट पदार्थ काचेच्या किंवा स्टीलच्या वाट्यांतच ठेवावेत. पान विस्तवावरून हलकेच फिरवून घेतले, तर घडी घालताना चिरत नाही. वर्तमानपत्राचा कागद मात्र कितीही सोयीचा वाटला, तरी वापरू नये, त्याची शाई अन्नाला लागते.

मांडताना प्रथम डिपच्या तीन वाट्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. त्यानंतर चीज आणि वड्या, मग फळांचे झुपके, आणि राहिलेल्या फटींत बेदाणे, काजू, खारे शेंगदाणे भरावेत. खाकरे आणि क्रॅकर्स सर्वांत शेवटी, पहिली बेल वाजल्यावर मांडले तरी चालतात. पावसाळ्यात तर ते डब्यातून थोडे थोडेच काढावेत. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे असते, म्हणून न पाहताही हात योग्य जागी जातो. येथेही तोच विचार करावा: ठेच्याच्या वाटीशेजारी भाकरीचे तुकडे, मधाजवळ चीज, चक्क्याजवळ गाजर.

ताट एकाचे असते आणि प्लॅटर वीस जणांचे, त्यामुळे उष्ट्याचा प्रश्न येथे टाळता येत नाही. प्रत्येक वाटीत स्वतंत्र चमचा, वड्या आणि फळांसाठी छोटे चिमटे आणि बाजूला लहान बश्यांची चळत एवढे ठेवले, की चावलेले गाजर पुन्हा चक्क्यात बुडवण्याचे प्रकार बहुतेक थांबतात. संकष्टी किंवा एकादशी असेल, तर उपवासाचे पदार्थ पूर्ण वेगळ्या ताटात असावेत. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण आणि कंदमुळे नसलेले ताटही तसेच वेगळे मांडावे. चीज घेताना पाकिटावरचे हिरवे चिन्ह जरूर पाहावे, कारण काही परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, असते. शेंगदाणे, काजू अनेकांना सोसत नाहीत, त्यामुळे ते आहेत हे आधीच सांगावे.

एका मोठ्या प्लॅटरऐवजी दोन मध्यम प्लॅटर करावीत, हा माझा आग्रह आहे. दुग्धजन्य पदार्थ, चिरलेली फळे आणि वड्या फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि खोलीतील तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. पहिले प्लॅटर बाहेर असताना दुसऱ्यातील ओले पदार्थ झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाकरे डब्यात राहू द्यावेत. पहिले अर्धे रिकामे झाले, की त्यावर नवीन भर न घालता ते आत न्यावे आणि दुसरे पूर्ण मांडून बाहेर आणावे. आत नेलेल्या प्लॅटरमधील वाटीतला चक्का टाकून द्यावा. डब्यातून काढलेच नाहीत तेवढे खाकरे दुसऱ्या दिवशीच्या चहाला उपयोगी पडतात.