गाइड निवडण्यापूर्वी प्रकाशनसूची कशी वाचावी: मेंदूचे इमेजिंग आणि गणिती मॉडेल

इंदूरच्या खंडवा रोडवर, देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात किंवा पुढे सिमरोलच्या आयआयटीत गणित वा भौतिकशास्त्र शिकलेला विद्यार्थी मेंदूच्या संशोधनात पीएच.डी. करायचे ठरवतो, तेव्हा गाइडची पारख करायला त्याच्या हाती बहुधा त्या संशोधकाची प्रकाशनसूचीच असते. आपल्याकडे पहिला प्रश्न ‘पेपर किती?’ असा असतो. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांकही शेवटी मोजणीच आहे: दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला की निर्देशांक दहा, मग त्या निबंधांत नाव पहिले असो की तिसावे. म्हणून आकडा बाजूला ठेवावा आणि या व्यक्तीने स्वतः नेमके काय केले आहे, ते सूचीतून काढावे.

आधी सूची त्याच व्यक्तीची आहे ना, हे पाहावे. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत आडनाव आणि आद्याक्षर एवढेच टाकले, तर हृदयरोगापासून कृमींपर्यंत सगळ्या विषयांतले जोशी एका रांगेत येतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे आधीचे निबंध माहेरच्या नावाखाली राहतात आणि सूची अर्धी दिसते. २०१२ पासून सुरू असलेला ऑर्किड हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र सोळा अंकी क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

यानंतरचे काम लेखकक्रमाचे, आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. वैद्यकशास्त्रात आणि इमेजिंगमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव साधारणपणे पहिले आणि गटप्रमुखाचे शेवटचे असते. गणितात मात्र नावे बहुधा रोमन वर्णक्रमाने लागतात, त्यामुळे तिथे अभ्यंकर पहिले आले आणि वैद्य शेवटी गेले, तर त्यातून कोणाचे श्रम अधिक हे कळत नाही. दोन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्याच्या सूचीत दोन्ही रीती शेजारीशेजारी असतात. समजा, एका नोंदीत अकरा लेखक आहेत, आपल्या संशोधकाचे नाव चौथे आहे आणि विषय अपस्माराच्या रुग्णांच्या एफएमआरआयचा, म्हणजे मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅनचा आहे. निबंध उघडून शेवटी दिलेला लेखकांच्या योगदानाचा परिच्छेद वाचावा; तिथे या नावापुढे ‘विश्लेषणपद्धती’ लिहिले आहे की ‘रुग्णांची निवड’, यावरून ती व्यक्ती गणिताकडची आहे की रुग्णालयाकडची, हे ठरते. मग त्याच विषयावरचे पुढचे निबंध पाहावेत. नाव सरकत शेवटच्या जागी आले असेल, तर ती व्यक्ती आता बहुधा स्वतःचा गट चालवते आणि पहिल्या जागेवरची नावे अनेकदा तिच्या विद्यार्थ्यांची असतात. ती नावे शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात टाकावीत. प्रबंध सापडला, तर विद्यार्थ्यांना खरोखर कोणते काम दिले जाते ते वाचायला मिळते.

इमेजिंगच्या निबंधांत निष्कर्षापेक्षा पद्धतीचा भाग आधी वाचावा. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि क्नुट्सन यांनी दाखवले की प्रचलित सॉफ्टवेअरमधल्या काही पद्धतींत, खरे तर काहीच नसताना काहीतरी ‘सापडले’ असे दाखवण्याचे प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०२० मध्ये ७० गटांनी एकाच एफएमआरआय डेटाचे विश्लेषण केले, तेव्हा कोणत्याही दोन गटांची प्रक्रिया तंतोतंत सारखी नव्हती आणि काही निष्कर्षही जुळले नाहीत. त्यामुळे पंधरा-वीस जणांवरचा निष्कर्ष त्याच संशोधकाने पुढे मोठ्या डेटावर पडताळला आहे का आणि कोड खुला ठेवला आहे का, हे मी तरी जर्नलच्या नावाआधी पाहीन.

मॉडेलच्या निबंधांची कसोटी वेगळी. एफएमआरआय चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही; रक्तातील ऑक्सिजनच्या बदलातून ती अप्रत्यक्षपणे दिसते, आणि हा संकेत क्रियेनंतर साधारण पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम समीकरणांतून काढणाऱ्याने हा विलंब कसा हाताळला, याचा उल्लेख निबंधात असायलाच हवा. फ्रिस्टन, हॅरिसन आणि पेनी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या डायनॅमिक कॉजल मॉडेलिंग या अशाच पद्धतीत रक्तप्रवाहाचे समीकरण मॉडेलचाच भाग आहे. ईईजीत, म्हणजे मेंदूचे विद्युत-संकेत टिपणाऱ्या चाचणीत, तर डोक्यावर मोजलेला एकच विद्युत-नकाशा आतल्या अनेक वेगवेगळ्या स्रोतांतून निर्माण होऊ शकतो. कोणती गृहीतके धरून त्यांतला एक निवडला, हे जो लेखक सांगत नाही, त्याच्याकडून मॉडेलिंग शिकण्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेला निबंध, दिसला की नाक मुरडू नये; फक्त तो पुढे छापला गेला का ते पाहावे. निबंध मागे घेतला गेला असेल, तर पबमेडवर तशी नोंद असते. जर्नलची प्रतिष्ठाही कायमची नसते: २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या संपादकांनी प्रकाशनशुल्क जास्त असल्याच्या कारणाने एकत्र राजीनामे दिले आणि ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे जर्नल काढले, त्यामुळे नवे नाव पाहून ते दुय्यम समजू नये. निबंध शुल्काआड असेल, तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडे चौकशी करावी. सरकारी संस्थांना जर्नले वाचायला मिळावीत यासाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली आहे.

इतके वाचल्यावर पत्र लिहावे. त्यात ‘आपले कार्य प्रेरणादायी आहे’ असे लिहिण्याऐवजी एका निबंधाचे नाव, त्यातले न कळलेले एक गृहीतक आणि आपण चालवून पाहिलेला कोडचा भाग, एवढेच असावे.