सायन्स फॅकल्टीत शेवटी कोणाचा शब्द चालतो

एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेल्यांना कुलगुरू कोण, कुलसचिव कोण, हे सांगावं लागत नाही. घोळ होतो तो मधल्या पायऱ्यांवर. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात विज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा शोधू नका. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने चारच विद्याशाखा ठेवल्या आणि त्यातली आपली 'विज्ञान व तंत्रज्ञान'. म्हणजे फिजिक्स, बॉटनी आणि इंजिनिअरिंग, सगळ्यांना एकच अधिष्ठाता, म्हणजे डीन. पूर्वी ते निवडून यायचे, आता नेमले जातात आणि पूर्णवेळ असतात. एवढा पसारा सांभाळणाऱ्या माणसाकडे प्रत्येक अर्ज घेऊन धावू नये.

अभ्यासक्रमाचं मूळ काम विषयाच्या अभ्यासमंडळात होतं. तिथून ते विद्याशाखेकडे आणि पुढे विद्यापरिषदेकडे जातं. परिपत्रक निघेपर्यंत 'नवा सिलॅबस आला' यावर विश्वास ठेवू नका. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, पुनर्मूल्यांकन वगैरे परीक्षा विभागाचं काम, त्यात विभागप्रमुखांचा संबंध नसतो.

आता पीएच.डी.च्या प्रबंधाच्या शीर्षकाचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं सगळं इथेच अडलं होतं. नोंदणीच्या पत्रात माझा विषय कॅडमियम सल्फाइडच्या पातळ फिल्म्स असा होता. प्रयोग करता करता काम झिंक ऑक्साइडकडे वळलं आणि निकाल चांगले येऊ लागले. गाइड खूश, विभागप्रमुख खूश. संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडली, तिथेही 'छान चाललंय, असंच पुढे न्या' म्हणाले. सारांश सादर करायच्या वेळी कळलं की कागदावर अजून कॅडमियमच आहे. सल्लागार समिती प्रगती पाहते, सल्ला देते. शीर्षकाला मंजुरी देते ती संशोधन व मान्यता समिती, आणि तिची बैठक रोज होत नाही. प्रबंध लिहून तयार, आणि मी बैठकीच्या तारखेची वाट बघत बसलेली. फेलोशिप संपत आली होती, घरचे विचारत होते, अजून किती? ते नोंदणीचं पत्र आजही हातात घेतलं की पोटात गोळा येतो.

म्हणून बजावून सांगते: तोंडी 'हो' कोणाचाही असो, तो मंजुरी नव्हे. काम वळलं की त्याच आठवड्यात बदलाचा अर्ज लिहा. गाइडची आणि संशोधन केंद्रप्रमुखांची सही घ्या, महाविद्यालयातलं केंद्र असेल तर प्राचार्यांचं अग्रेषण पत्रही (अर्ज पुढे पाठवत असल्याचं पत्र) लागतं. सल्लागार समितीच्या इतिवृत्तात बदलाचा उल्लेख आला का, हे डोळ्यांनी बघा. मग पीएच.डी. विभागात अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या आणि तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर जाणार का, हे स्पष्ट विचारा.

घाबरू नका मात्र. शीर्षक बदललं म्हणून केलेलं संशोधन वाया जात नाही. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे, वेळेत हललात तर त्यात हे सहज बसतं.

'ओळखीने करून घेऊ' म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा. ओळखीने फाईल एका टेबलावरून उचलली जाते, समितीची मंजुरी ओळखीने येत नाही. सीनियरने पाठवलेले जुने नमुनेही डोळे झाकून भरू नका, कारण नियम बदललेले असतात. माझ्या मते नवख्याचा सगळ्यात चांगला गुरू म्हणजे विभागातला जुना लिपिक. कोणता कागद कुठे थांबतो, हे त्याला पाठ असतं. नीट बोला, नाव विचारून बोला, घाई दाखवू नका.

केगावला, म्हणजे विद्यापीठात, जाताना नोंदणीचं पत्र, आधीच्या प्रगती अहवालांच्या प्रती आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन तुमच्या फाईलला लावायची.