मूल सांगू लागलं, की आपण काय करायचं

दिवाळी आली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं आणि पोरं. कुणी आजीजवळ, कुणी हंगामी वसतिगृहात, कुणी नातेवाइकांकडं. सांभाळणारंच माणूस लैंगिक त्रास देणारं निघालं, तर पोरानं जायचं कुठं? ते शाळेतल्या बाईंकडं येतं. मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय, आणि अशा वेळी कसं वागायचं ते मी एका मुलीच्या जिवावर शिकले.

चौथीतली मुलगी. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तुम्हीही कुठं बोलू नका. खिचडी झाल्यावर हातपंपावर ताट घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, मला तिथं झोपायचं नाही." मी ताट तिच्या हातातून काढून घेतलं आणि एका दमात विचारलं, "का? कोण काय करतं? कधीपासून?" वर ऑफिसात नेऊन दोन गुरुजींसमोर परत सांगायला लावलं. ती जी गप्प झाली, ती पंधरा दिवस. त्या पंधरा रात्री ती त्याच घरात झोपली. मला ते अजून सोसत नाही.

म्हणून मूल ताट घासत असेल, तर शेजारी बसून तुम्हीही एक ताट घ्या. मान खाली असली की पोरांना बोलणं सोपं जातं. "बरं झालं सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा आणि थांबा. विचारायचंच तर, "आज रात्री तुला कुठं राहावंसं वाटतं?" "त्यानं असं केलं का?" म्हणून शब्द तोंडात घालू नका, पुढं कोर्टात तेच "शिकवून बोलतेय" म्हणून उलटतं. "कुणाला सांगणार नाही" अशी शपथ तर घेऊच नका. "मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल, पण कुणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन," असं म्हणा आणि पाळा. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी वहीत उतरवा.

मग 1098 या मुलांच्या मदतीच्या फोन नंबरला फोन लावा किंवा पोलिसांना कळवा. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. 2012 च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं अशा अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "गावातच मिटवू" म्हणत दारात येणाऱ्यांना मी हेच सांगते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, तेही गणवेशाविना. कुणी पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवायला लागलं, तर ठामपणे नाही म्हणा, कायदा तुमच्या बाजूनं आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, जवळ तिच्या विश्वासाचं माणूस हवं. तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्याला आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. चोवीस तासांत प्रकरण बाल कल्याण समितीपुढं जातं, आणि मुलीनं राहायचं कुठं हे ती समिती ठरवते. तिथं मुलीसोबत जा. बाकावर नुसतं शेजारी बसलं तरी तिला धीर येतो.

वर्गात तिची जागा बदलू नका, लाडानं पुढं बसवू नका. पाढे चुकले तर बाकीच्यांसारखंच सुधारा. पाठीवरून हात फिरवायचा तर आधी विचारा. मी एकदा न विचारता हात ठेवला, तर ती दचकून बाजूला झाली.

आईला मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाच्या, फोनवर निरोप देऊ नका. अख्ख्या टोळीत बातमी होते, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून मुकादम सोडायला कुरकुरतो. थेट तिच्याशीच बोला. त्या मुलीची आई फडावरून निघून पहाटेच्या एसटीनं आली. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, पायात चिखल. "काय झालं ते पोरीला आता विचारू नका," मी सांगितलं. "आधी दोघी जेवा, आणि जवळ घेऊन झोपा." ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मग उठली आणि विचारलं, "बाई, पोरगी काय खाती हल्ली?"