पॉवर वीडरला कुठलं ऑइल घालायचं?

निपाणी-चिकोडीकडे उसातलं तण काढायला चालणाऱ्या पेट्रोल वीडरचं इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड असतं. रेडिएटर नाही, त्यामुळे उष्णतेचा बराच भार ऑइलवर येतो. साधारणपणे १०डब्ल्यू-३० ग्रेडचं (म्हणजे तेवढ्या घट्टपणाचं) इंजिन ऑइल चालतं. अथणीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सलग काम असेल तर एसएई ३० ग्रेडचं बघा, पण आधी मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता वाचा. टू-टी ऑइल मात्र चुकूनही नको. ते टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं असतं. लेव्हल बघताना यंत्र सपाट जागेवर उभं करा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा बुडवा. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर काढा, बहुतेक वेळा २० तासांच्या आत. काढलेलं ऑइल उन्हात धरलंत तर धातूचा बारीक कीस चमकताना दिसतो. ते बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.